एम्ब्रेटच्या बटाट्यांची थंडी

आधी गोठलेला आणि मग उकडलेला बटाटा ज्यानं खाल्ला नाही, त्याला मोलफ्रीदचं दुःख कळायचं नाही. असा बटाटा गोड लागतो. रताळ्यासारखा चांगला गोड नव्हे. खोकल्याच्या औषधात बुडवून काढल्यासारखा गोड. वरून काळपट, आतून पाणचट, आणि काट्यानं दाबला की पिचकारी मारतो. लग्न झाल्यापासूनचे सगळे ईस्टर मोलफ्रीदनं डोंगरावरच्या खोपीत, कोकराच्या तंगडीबरोबर, हेच बटाटे खाऊन साजरे केले. आणि समोर बसलेला तिचा नवरा एम्ब्रेट दर वर्षी पहिला घास गिळून म्हणायचा, "वा! डोंगराच्या हवेत बटाट्यालासुद्धा कशी गोडी येते बघ."

माणूस वाईट नव्हता हो. जन्मभर लाकूडगिरणीत करवत चालवली आणि दाही बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाला. आमच्या खोऱ्यात याला मोठं कर्तृत्व मानतात. दारू बेताची, बोलणं बेताचं. पण खोपीचा विषय निघाला की बेत-बित सगळं संपलं. फोल्दाल गावाच्या वर, जिथं बर्चची झाडंसुद्धा वाढायचा कंटाळा करतात, तिथं त्याच्या बापानं बांधलेली एका खोलीची ती लाकडी खोपी. छपरावर गवत, आत एक लोखंडी चूल, भिंतीला दोन बिछाने. वीज नाही, नळ नाही. पाणी ओढ्यावरून, आणि पोटाची निकड लागली तर अंगण ओलांडून पलीकडच्या फळकुटाच्या खोलीत, तीही वाऱ्याच्या दिशेला दार असलेल्या.

एके काळी त्या माळावरच्या सगळ्याच खोप्या अशा होत्या, आणि ज्याच्याकडं सोयी कमी त्याची मान जास्त ताठ असायची. कोणी म्हणालं, आमची चूल धुरकटते, तर दुसरा लगेच म्हणणार, तुमच्याकडं चूल तरी आहे! एकाच्या छपरातून बर्फ गळायला लागला, तर शेजारी हेवा करायचे. पण काळ बदलला. एकेक जण फितूर होत गेला. कोणी छपरावर सूर्याच्या पाट्या बसवल्या, कोणी इंजिन आणलं, आणि मागच्या उन्हाळ्यात विजेची तारच डोंगरावर आली. ती थेट हेनिंगच्या दारापर्यंत.

हेनिंग ओस्लोचा दातांचा डॉक्टर. त्याचीही खोपीच, म्हणजे तो तिला खोपी म्हणायचा. तिची जमीन खालून गरम होते आणि तिथं भांडी धुणारं यंत्र आहे. एम्ब्रेटनं पहिल्यांदा ते सगळं पाहिलं, फ्रिजसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बघ, बाहेरच्या थंडीपासून दूध वाचवायला यानं घर तापवलं, आणि घराच्या उष्म्यापासून दूध वाचवायला हे कपाट आणलं. शिकलेला माणूस!"

हे वाक्य त्यानं त्या वर्षी गावातल्या प्रत्येकाला ऐकवलं. पाद्रीबाबांना दोनदा.

पैज लागली ती मोलफ्रीदच्या सत्तरीला. खाली गावातल्या घरी सगळी मंडळी जमली होती, बदामाचा केक मधे ठेवला होता. मोलफ्रीदचा भाऊ स्तेनार तेव्हा समोरच बसला होता. त्याच्याकडं माती खणायचं यंत्र, आणि डोंगरावर तार टाकायला चर खणायचं कामही त्याच्याचकडं.

"दाजी," स्तेनार म्हणाला, "येत्या उन्हाळ्यात पुढचा चर खणतोय. ईस्टर संपला की नावं पक्की होणार. अख्ख्या माळावर तू एकटा उरलायस. हो म्हण, मोकळा हो."

"माझ्या बापानं त्या खोपीत दिव्यावर हिवाळे काढले," एम्ब्रेट म्हणाला.

"तुझ्या बापानं गोड बटाटे काढले," मोलफ्रीद केक कापता कापता म्हणाली. "खाल्ले मी."

मंडळी हसली. एम्ब्रेटच्या तोंडात केकचा मोठा तुकडा होता, आणि तोंड भरलेलं असताना माणूस जे बोलतो ते विचार करून बोलत नाही. तो म्हणाला, "बटाटे गोठतात ते ठेवणाऱ्याच्या आळसानं. मी मनावर घेतलं तर विजेशिवाय एक बटाटा गोठणार नाही."

"मग घे ना मनावर!" मोलफ्रीदनं सुरी खाली ठेवली. "ऐका रे सगळ्यांनी. बटाटे, गाजरं, अंडी, साय आणि संत्री. हा बर्फ पडायच्या आधी वर नेऊन ठेवेल. ईस्टरला मी वर जाईन. त्यातलं एकही गोठलेलं नसेल, तर मी मरेपर्यंत विजेचं नाव काढणार नाही. एक जरी गोठलं, तर स्तेनारनं चर खणायचा."

"आणि दाजीनं यंत्राच्या पुढं झेंडा घेऊन चालायचं," स्तेनार म्हणाला.

एम्ब्रेटनं मिशीवरची साय पुसली आणि हात पुढं केला.

झालं! दुसऱ्याच दिवसापासून माणूस झपाटला. खोपीमागच्या उतारात बापाचं जुनं तळघर होतं; म्हणजे डोंगराच्या पोटात खणलेलं बीळच, माणूस वाकून आत जाईल एवढ्या दाराचं. एम्ब्रेटनं ते आणखी खोल नेलं. भिंतींना वाळलेलं शेवाळ ठासलं, दाराला आतून मेंढीची कातडी ठोकली. बटाटे पेंढ्यात, गाजरं कोरड्या वाळूत, अंडी ओटच्या पिंपात, प्रत्येक संत्रं लोकरी मोज्यात. मोजे मोलफ्रीदनं विणलेले होते आणि नाताळात भेट द्यायला ठेवलेले होते, हे तिला नाताळात कळलं. मधोमध पाण्यानं भरलेली बादली ठेवली. थंडी शिरलीच तर आधी पाण्याला धरते, पाणी गोठता गोठता आपली ऊब सोडतं आणि बटाटे वाचतात. हे मात्र खरं शहाणपण, आमच्याकडं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. साय नाताळानंतर ताजी आणून ठेवायची, असं मोलफ्रीदनं मोठ्या मनानं कबूल केलं. तेवढी सवलत तिनं दिली.

मग बर्फ पडला. एम्ब्रेटनं फावड्यानं आजूबाजूचा बर्फही ओढून तळघरावर रचला, दारावर रचला, थोपटला, पुन्हा रचला, शेवटी उतारावर गाभण गाईएवढा उंचवटा झाला. "बर्फ म्हणजे देवाची दुलई," तो दुकानात सांगायचा. "जितकी जाड तितकी ऊब." लोक माना डोलवायचे आणि पाव घेऊन मागच्या दारानं निघून जायचे. खोऱ्यात एक वेळ अशी आली की एम्ब्रेट दिसला की कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायची.

आता दुलई घातल्यावर काय करायचं असतं? काही नाही. तिला हात लावायचा नसतो, एवढंच. दार उघडलं की थंडी आत गेलीच. पण काहीही न करणं हे सगळ्यांत अवघड काम, आणि एम्ब्रेटला त्याची सवय नव्हती. खाली गावात त्याचं जेवणात लक्ष लागेना. मोलफ्रीद विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "वारा उत्तरेचा आहे." शेवटी नाताळ उरकला, सायीचं मडकं तळघरात पोचवून बर्फ पुन्हा लिंपला, आणि पोरगी बाळंतपणाला गेल्यावर बाप जसा अस्वस्थ होतो, तसा हा होऊन वर राहायलाच गेला.

वर जाऊन तो काय करायचा, तर उंचवट्यावर पोट टेकून झोपायचा आणि कान लावायचा. बटाटा गोठताना आवाज करतो की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण करत असेल तर तो ऐकायला आपण हजर असावं, एवढंच त्याचं म्हणणं.

खरी अडचण दुसरीच होती. त्याच्या वाट्याचं सगळं खाणं तळघरात, आणि तळघर उघडायचं नाही. खोपीत उरलं काय? सुकी भाकरी, खारा मासा आणि तपकिरी चीज, तेही दगड झालेलं. ते कापायला त्यानं एकदा करवत घेतली, हात अजून तयार होता म्हणून बरं. आता अशा वेळी माणूस काय करेल? हेनिंगनं ओस्लोला परत जाताना आपल्या घराची किल्ली त्याच्या हातात दिली होती आणि म्हणाला होता, "एम्ब्रेट, तुम्ही वर आहात तर जरा लक्ष ठेवाल ना?"

लक्ष ठेवतो म्हटल्यावर ठेवायलाच हवं. तो रोज जायचा. जमीन गरम आहे की नाही बघायला बूट-मोजे काढून तिच्यावर बसायचा. चांगलं दुपारभर बसायचा, कारण मधेच बंद पडली तर? फ्रिज चालतोय ना, हे बघायला तो उघडावाच लागायचा. उघडल्यावर आतलं टिकलंय की बिघडलंय हे नुसतं बघून कसं कळणार? चाखावं लागायचं. हेनिंगचं सॉसेज चांगलं टिकायचं. मासाही टिकायचा. माघारी येताना फोन चार्ज झालेला असायचा, आणि त्यावरून तो मोलफ्रीदला कळवायचा, "विजेशिवाय मजेत आहे. अंगही धरलंय."

तिला यात काही खटकलं असेल तर ती बोलली नाही. मोलफ्रीद अशी होती की तिला बोलायचं असेल तेव्हा ती आधी लोकर गुंडाळून बाजूला ठेवायची. आणि त्या हिवाळ्यात तिचं विणणं चालूच होतं. संत्र्यांना मोजे दिल्यावर माणसांसाठी विणायला लागत होते ना.

तर असा ईस्टरचा आठवडा आला. गुरुवारी सगळा माळ माणसांनी भरला. हेनिंग बायको, मेहुणा आणि मित्रमंडळी घेऊन आला, फ्रिज उघडला, जरा वेळ आत बघत राहिला, आणि काही न बोलता पुन्हा बंद केला, चांगला माणूस. एम्ब्रेट हातानं ढकलायची घसरगाडी घेऊन खाली रस्त्यापर्यंत मोलफ्रीदला आणायला गेला. स्तेनारनं तिला गाडीतून उतरवलं, कोकराची तंगडी हातात दिली आणि म्हणाला, "दाजी, यंत्राला तेल घालून ठेवलंय."

"गंज चढेल त्याला," एम्ब्रेट म्हणाला, आणि मोठ्या डौलात बायकोला गाडीवर बसवून ढकलत वर निघाला. माघारी वळणावर आला आणि थबकला.

खोपीभोवतीचं अंगण लखलखीत साफ होतं. वाट साफ, पायरी साफ, पलीकडच्या फळकुटाच्या खोलीपर्यंत दोरी लावल्यासारखी सरळ गल्ली. आणि मागच्या उतारावर, जिथं उंचवटा होता तिथं, मागच्या वर्षीचं पिवळं गवत उघडं पडलेलं. तळघराचं दार उघड्यावर उभं होतं, आणि त्याच्या माथ्यावर कुणीतरी ईस्टरचा छोटा झेंडासुद्धा खोचला होता.

हेनिंग, मेहुणा आणि दोन पाहुणे फावड्यांना टेकून उभे होते. घामानं थबथबलेले, खुशीत.

"आश्चर्याचा धक्का!" हेनिंग ओरडला. "म्हटलं, तुम्ही हिवाळाभर आमचं घर सांभाळलंत, आपण निदान एवढं तरी करू. तो ढीग तर काय होता हो! आधी वाटलं खडकच आहे. दोन तास लागले. गवतापर्यंत नेला, बघा!"

"माझी पाठ धरली," मेहुणा अभिमानानं म्हणाला.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, एम्ब्रेट भडकला असेल. पण आमच्याकडं मदतीचा हात देणाऱ्यावर भडकता येत नाही. तशी रीतच नाही. चार शेजारी मिळून तुमचं काम न मागता करून गेले, तर आभार मानायचे, कॉफी पाजायची आणि ते उठेपर्यंत बसायचं; मग त्यांनी तुमचं घर चुकून पाडलं का असेना. एम्ब्रेटच्या ओठांनी तीनदा वेगळाच आकार घेतला. मग तो म्हणाला, "फार... फारच छान केलंत. आत या. कॉफी घेऊ."

आत आले. बसले. बाहेर आभाळ निवळत होतं, सूर्य कड्याआड सरकत होता आणि थंडी अशी उतरत होती की खिडकीच्या काचेवर तिची पावलं दिसावीत. एम्ब्रेटचं अर्धं बूड बाकावर होतं आणि अर्धं दाराकडं.

"अशी शांतता ओस्लोत मिळत नाही," हेनिंग म्हणाला.

"नाही," एम्ब्रेट म्हणाला.

"बसून राहावंसं वाटतं."

"हो ना."

"आणखी एक कप घ्या की," मोलफ्रीद गोड हसून म्हणाली. "आणि केक तर तुम्ही घेतलाच नाहीत. एम्ब्रेट, त्यांना मोठा तुकडा दे. फार कष्ट केलेत त्यांनी."

त्यांनी मोठा तुकडा घेतला. दुसरा कपही घेतला. मग मेहुण्यानं आपल्या पाठीचा इतिहास सांगितला, अगदी लष्करातल्या दिवसांपासून. मंडळी उठली तेव्हा भिंतीतल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं हिम चढलं होतं.

दार लागलं मात्र, एम्ब्रेट धावला. तळघरात वाकून शिरला, कंदील वर धरला. बादलीतल्या पाण्यावर कागदाएवढी पातळ पापडी धरली होती. पण बटाटे ठीक. अंडी ठीक. साय हलत होती. पुन्हा बर्फ रचायला वेळ नव्हता, रचलेला बर्फ उबदार व्हायलाही वेळ लागतो. एकच उपाय होता. त्यानं पोतं उचललं.

सगळं खोपीत आणलं, तर खोपीतही सोपं नव्हतं. चुलीजवळ ठेवलं तर साय फाटणार, भिंतीशी ठेवलं तर गोठणार. ताव नाही आणि गारठाही नाही अशी एकच जागा, बिछान्यात दुलईखाली. एम्ब्रेटनं बटाटे मोलफ्रीदच्या बिछान्यात निजवले, गाजरं पायथ्याशी, अंडी उशीवर; साय आणि संत्री स्वतःच्या बिछान्यात, कुशीला. मग दुलई घातली. एक दुलई पुरेल असं वाटेना, म्हणून दुसरीही घातली. मग मेंढीची कातडी.

"एम्ब्रेट," मोलफ्रीद म्हणाली, "मी कुठं झोपू?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. हा प्रश्न त्याला खरंच सुचला नव्हता. "चटई आहे की," तो म्हणाला. "छान जाड आहे."

शुक्रवारची सकाळ उजाडली तेव्हा मोलफ्रीद कोट, टोपी, हातमोजे आणि बूट घालून, चिंध्यांच्या चटईत गुंडाळून चुलीसमोर बसलेली होती. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. वयानं की हिमानं, ते सांगता आलं नसतं.  उठली, उशीवरचं अंडं उचललं, वाटीत फोडलं. पिवळा बलक कसा डुलत उतरला! साय ओतली, धार सरळ पडली. संत्र्याचा मोजा काढला, सोललं. रस बोटांवरून ओघळला. मग बटाटे उकडले. तिनं एक काट्यावर घेतला, फुंकला आणि सावकाश चावला. एम्ब्रेट तिच्या जबड्याकडं असा बघत होता, जसा माणूस न्यायाधीशाकडं बघतो.

"गोड नाही," ती म्हणाली. "जिंकलास. मी त्या तारेचं नाव काढणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

"मी म्हणत नव्हतो!" एम्ब्रेटनं मांडीवर थाप मारली. "म्हणत नव्हतो मी!"

मोलफ्रीदनं विणकामाची पिशवी घेतली. लोकर गुंडाळून आत ठेवली.

"कुठं निघालीस?"

"हेनिंगच्या बायकोनं बोलावलंय. त्यांची जमीन गरम आहे म्हणे. तुला ठाऊकच असेल."

"आणि तंगडी? ईस्टरचं जेवण?"

"जेव की. बटाटे आहेत ना सोबतीला. उबेला झोपलेत, ताजेतवाने असतील."

आणि ती गेली, त्या सरळ साफ केलेल्या वाटेवरून. चालायला फार सोपी वाट होती ती.

एम्ब्रेटनं तंगडी भाजली. बटाटे वाढून घेतले. इतके चांगले बटाटे त्या खोपीत कुणी कधी खाल्ले नव्हते. पिठूळ, भुसभुशीत, लोणी पडताच विरघळणारे. पहिला घास गिळून त्यानं सवयीनं तोंड उघडलं, "वा!" म्हणायला, आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडं बघून मिटलं. शनिवारीही तेच. जन्मात एकदा माणूस बरोबर ठरतो, आणि ऐकायला कोणी नाही! त्यानं अंड्यांना सांगून पाहिलं. त्यात मजा आली नाही.

रविवारी, ईस्टरच्या दिवशी, तो हेनिंगच्या दारात जाऊन उभा राहिला. किल्ली खिशात होती, पण त्यानं दार वाजवलं. मोलफ्रीदनंच उघडलं. पायात मोजे नव्हते, गालावर रंग आला होता.

"काय?"

"मी विचार केला," एम्ब्रेट टोपी फिरवत म्हणाला. "स्तेनार बिचारा. यंत्राला तेल घालून बसलाय."

"मी काही बोलले नाही हं. मी शब्द दिलाय."

"तू कुठं बोलतेयस? मी बोलतोय. बापाच्या घरात तार शिरणार नाही, ते नक्की. दिव्यावरच राहायचं. पण..." त्यानं घसा साफ केला. "तळघर काही घर नव्हे. तिथं एक दिवा लावला, बारकासा, तर पुढच्या वर्षी तुझी दुलई तुला राहील. आपल्यासाठी नव्हे. बटाट्यांसाठी."

 "बटाट्यांसाठी," ती म्हणाली. "मग काय, त्यांना नाही कसं म्हणणार?"

उन्हाळ्यात स्तेनारनं चर खणला आणि एम्ब्रेट झेंडा न घेता यंत्राच्या मागं चालला; पुढं चालायची अट हरण्याची होती, तो तर जिंकला होता, हे त्यानं वाटेत प्रत्येकाला समजावून सांगितलं. तार खोपीला वळसा घालून, तिला स्पर्शही न करता, तळघरात गेली. एक दिवा लागला. मग मोलफ्रीद म्हणाली, दिव्याशेजारी एक बटण रिकामंच आहे, तर बटाट्यांना बारकी शेगडी बरी. मग बटाट्यांना रेडिओ आला. बटाटे निवडताना बसायला म्हणून आरामखुर्ची आली, आणि हिवाळ्यात बटाटे फारच निवडावे लागतात.

आता तुम्ही थंडीत त्या माळावर गेलात तर एम्ब्रेट खोपीत सापडेल, मेणबत्तीच्या उजेडात, कानटोपी घालून, बापासारखा ताठ बसलेला. विजेशिवाय राहणारा माळावरचा शेवटचा माणूस. कोणी विचारलं तर तो सांगतो, आणि न विचारताही सांगतो. मधेच उठतो, दोन बटाटे आणायला म्हणून उतारावर जातो आणि तळघराचं दार वाजवतो. आतून रेडिओवरचं वादन ऐकू येतं, कॉफीचा वास येतो.

"आत ये नाहीतर बाहेर राहा," मोलफ्रीद ओरडते, "पण दार लाव बाई लवकर! बटाट्यांना थंडी वाजते."

आणि एम्ब्रेट वाकून आत शिरतो. दोन बटाटे निवडता निवडता त्याची जेवणाची वेळ होते.